गुंज फिरली का?

लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारात चन्नबसप्पांचं चष्म्याचं दुकान कुठं म्हणून विचारलं, की माणूस आधी हसतो आणि मग रस्ता दाखवतो. "ताऱ्यावाले अप्पा होय? सरळ जावा, लिंबाच्या समोर." दुकान एवढंसं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, काचेच्या कपाटात फ्रेमा, आणि मागे साठी ओलांडलेले अप्पा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, नाकाच्या शेंड्यावर स्वतःचा चष्मा. नवा चष्मा तयार झाला की ते गिऱ्हाइकाला हाताला धरून बाहेर आणतात आणि लिंबाकडे बोट करतात. "पानं येगळी येगळी दिसून राहिली का?" गिऱ्हाईक हाव म्हणालं तरच चष्मा द्यायचा, नाहीतर परत आत. घाईच्या माणसानं अप्पांकडे जाऊ नये असं गावात म्हणतात, आणि ते खोटं नाही.

माणूस जन्माचा स्वप्नाळू. दुपारी दुकानात कुणी नसलं की एखादं भिंग उन्हात धरायचं आणि भिंतीवर पडलेला उजेडाचा ठिपका बघत बसायचं, हा त्यांचा विरंगुळा. ठिपका सरकत सरकत तक्त्यावरच्या अक्षरांवरून जायचा. नागम्मा जेवणाचा डबा घेऊन आली की दारातूनच विचारायची, "कुठं गेलता?" आणि अप्पा दचकून म्हणायचे, "हितंच तर हाय."

नागम्मा त्यांची बायको. तिचा स्वभाव बरोबर उलटा. सकाळी आंघोळ करून डाव्या तळहातावर इष्टलिंग घ्यायचं, डोळ्याचं पातं न हलवता बघत बसायचं, आणि एकदा ते झालं की दिवसभर पायाला भिंगरी. तिचं ध्यान वेळेत सुरू व्हायचं आणि वेळेत संपायचं. अप्पांचं कधी सुरू व्हायचं आणि कधी संपायचं, हे शंकरालाच ठाऊक.

मुलगी मंजुश्री लग्न होऊन लातूरला गेली आणि घर एकाएकी मोठं वाटायला लागलं, त्या वर्षी अप्पांनी दुर्बिणीचा आरसा घासायला घेतला. काचा घासण्यातच आयुष्य गेलेलं, त्यामुळे हाताला नवं काही नव्हतं. उन्हाळाभर घासला. नागम्मानं विचारलं, "येवढा मोठा चष्मा कुणाचा म्हणावा?" अप्पा म्हणाले, "माझाच."

चंद्र बघून झाला. शनीची कडी बघून झाली, गल्लीतल्या बायाबापड्या स्लॅबवर येऊन बघून गेल्या. पण अप्पांना रोज नवं काही बघायची हौस नव्हती. त्यांना एकाच कुणापाशी बसायचं होतं. लातूरला आकाश बघणाऱ्यांचा एक मेळावा झाला, तिथं कुणीतरी लाल बटू ताऱ्यांबद्दल बोललं, आणि अप्पा तिथंच अडकले.

लाल बटू म्हणजे आपल्या सूर्यापेक्षा लहान आणि थंड तारा. विझत आलेल्या निखाऱ्यासारखा दिसतो, पण विझत मात्र नाही. जपून जपून जळतो, त्यामुळे सूर्य संपेल तेव्हाही याचं सगळं आयुष्य पुढंच पडलेलं असतं. आभाळात सर्वात जास्त गर्दी यांचीच, आणि नुसत्या डोळ्यांना एकही दिसत नाही. त्यांच्या अंगावर काळे डाग उठतात. ताऱ्याच्या पोटात जो चुंबकाचा जोर असतो, त्याचे ते डाग. डाग वाढले की तारा मंदावतो, ओसरले की उजळतो, आणि हा फेरा वर्षानुवर्षं चालतो. आपल्या सूर्याचा फेरा साधारण अकरा वर्षांचा. लाल बटूंमध्ये कुणाचा सात वर्षांचा, कुणाचा पंधराच्या पुढचा, आणि कित्येकांचा ठाऊकच नाही. कारण तेवढी वर्षं एका ताऱ्यापाशी बसायला कुणाला सवड नसते. मोठमोठ्या दुर्बिणींना तर मुळीच नसते, त्यांच्यापुढं रांग लागलेली.

अप्पांना सवडच सवड होती. भाद्रपदेच्या चौकोनाजवळचा एक लाल बटू त्यांनी धरला. नाव नाही, गाव नाही, नुसता यादीतला क्रमांक. दुर्बिणीला जुना कॅमेरा जोडला, कॅमेऱ्यापुढं लाल काच बसवलेला एक छोटा खण, आणि शेजारी कॉम्प्युटरचा पडदा. पडद्यावर तारा पांढराच दिसायचा. तो लाल आहे हे अप्पांनी सांगायचं आणि नागम्मानं मानायचं.

"लाल हाय, लहान हाय, आन् अंगावर काळा डाग हाय," अप्पा समजावून सांगत होते. नागम्मा उठून आत गेली. दागिन्यांच्या डबीत तिच्या आईनं सोनं तोलायला ठेवलेल्या गुंजा होत्या, त्यातली एक आणून तिनं अप्पांच्या तळहातावर ठेवली. लालभडक, आणि टोकाला काळा डाग.

"ही काय. गुंज की."

तेव्हापासून त्या ताऱ्याचं नाव गुंज पडलं.

अप्पांनी नेम धरला. पाऊस सरला की संध्याकाळी दुकान बंद करून स्लॅबवर जायचं, गुंज पडद्याच्या बरोबर मधोमध आणायची, तिचा उजेड शेजारच्या चार ताऱ्यांशी ताडून बघायचा. पहिल्याच वर्षी त्यांनी एका तिन्हीसांजेला कोऱ्या आभाळाचा फोटोही घेतला. तारे उगवायच्या आधीचं नुसतं सपाट आभाळ. त्यात काचेवरचे डाग, धूळ सगळं उमटतं, आणि मग हिशेबातून ते वजा करता येतं. तो फोटो दर हंगामाला नव्यानं घ्यायचा असतो. पण अप्पा काचांचे माणूस. एकदा बसवलेल्या काचेला हात लावायचा नाही हा त्यांच्या घराचा कायदा, आणि कायदा पाळला की डाग येणार कुठून? तेव्हा एक फोटो जन्माला पुरला, असं त्यांनी धरलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मुरुडात हत्यारांची पूजा असते. तराजू, शिलाई मशीन, ट्रॅक्टर, सगळ्यांना गंधफूल. अप्पा दुकानात भिंगं घासायच्या यंत्राची पूजा करत बसायचे आणि घरची पूजा नागम्मा करायची. विळी, पाटावरवंटा, आणि स्लॅबवरची दुर्बीण. संध्याकाळी अप्पा घरी यायचे तेव्हा दुर्बिणीच्या नळीवर ओल्या भस्माचे तीन पट्टे वाळून पांढरे झालेले असायचे, वर झेंडूचं फूल.

"झाली का पूजा?"

"झाली. डोळ्याचीबी केली," नागम्मा म्हणायची.

अप्पांना वाटायचं, नळीचं तोंड म्हणजे डोळा. ते खूश व्हायचे. बायको आपल्या वेडात भागीदार आहे याचं सुख वेगळंच असतं.

दसऱ्याच्या आसपास सगळ्या शिवारात सोयाबीनच्या राशी चालतात, मळणी यंत्रांचा धुरळा आभाळभर होतो. म्हणून दिवाळीपर्यंतचे फोटो अप्पा घ्यायचे, पण मोजायचे नाहीत. हात बसावा म्हणून ते. दिवाळीपासून पुढं संक्रांत उलटेपर्यंत जे मिळेल त्याची सरासरी काढायची आणि वर्षाचा एक ठिपका मांडायचा. वर्षाला एक ठिपका! एवढ्या संथपणे नागम्मानं साधं लोणचंसुद्धा मुरवलं नसेल.

गुंज मंदावत होती. पहिली काही वर्षं भरभर, मग हळूहळू. अप्पा सांगायचे, "डाग वाढून राहिलेत तिचे. तळाला जाईल आन् मग फिरंल. फिरली की तुला दाखवतो." दर दिवाळीला फराळाचं ताट घेऊन नागम्मा स्लॅबवर यायची आणि विचारायची, "फिरली का गुंज?"

"न्हाई आजून."

"आळशी हाय बाई लई," असं म्हणून ती चकली मोडायची.

शेवटची तीन वर्षं तर गुंज जागची हलेना. ठिपका मागच्या वर्षी होता तिथंच या वर्षी. अप्पा म्हणायचे, तळाला टेकली, आता फिरेलच. तिसऱ्या दिवाळीला नागम्माला जिना चढताना दम लागत होता. तरी आली. शाल पांघरून खुर्चीत बसली, पडद्याकडं बघत राहिली. सकाळी तळहाताकडं बघायची तशीच. म्हणाली, "मला तर जरा उजळ दिसून राहिली."

अप्पा हसले. "डोळ्यानं कळत न्हाई ते, येडे. आजून न्हाई फिरली. पुढच्या दिवाळीला."

पुढची दिवाळी नागम्मानं पाहिली नाही. उन्हाळ्यात एका सकाळी पूजेला बसलेली ती उठलीच नाही. लिंगायत रीतीप्रमाणे तिला बसवून समाधी दिली. डाव्या तळहातावर तिचं लिंग ठेवलं, आणि अप्पांनी पाण्यात बोटं बुडवून तिच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढले. पट्टे वाकडे आले. स्वतःच्या कपाळावर रोज सरळ येणारे पट्टे त्या दिवशी वाकडे आले, हे त्यांना अजून सलतं.

आणि त्याच दिवाळीनंतर गुंज फिरली. ठिपका वर सरकला. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी वर. मंजुश्री म्हणाली, "अप्पा, अव्वाच गेली आसंल तिथं, दिवा लावाया." अप्पांना ते पटलं नाही, पण आवडलं. मात्र मनातून ते ताऱ्यावर रुसले. बारा महिने आधी फिरली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं? एवढी वर्षं बसवून ठेवलं आणि ती गेल्यावर फिरलीस. दुकानात भिंग हातात घेऊन ते हेच घोकत बसायचे, आणि दारातून कुठं गेलता विचारायला कुणी नव्हतं.

यंदा पावसाळ्यात नांदेडहून पंचशीलाचा फोन आला. ती मूळची नायगावची, नांदेडला भौतिकशास्त्र शिकवते, आणि लाल बटूंच्या या लांबलचक फेऱ्यांवरच तिचं संशोधन चाललेलं. मेळाव्यातल्या कुणीतरी अप्पांचा नंबर दिला होता.

"जय भीम काका. एकाच ताऱ्याला येवढी वर्षं धरून बसलेला माणूस मला दुसरा गावला न्हाई," ती म्हणाली. "तुमचे फोटो मला पायजेत."

"शरणार्थ मॅडम. घ्या की," अप्पा म्हणाले. त्यांना कोण आनंद झाला.

"आन् काका, कोऱ्या आभाळाचा ताजा फोटो एक काढून पाठवा."

भाद्रपदात उघडीप मिळाली. तिन्हीसांजेला अप्पा वर गेले, दुर्बीण मोकळ्या आभाळाकडं केली आणि बटण दाबलं. मग पडदा बघितला तर राखाडी आभाळ, आणि मधोमध आडवा एक मळकट पट्टा. त्याच्या वर कडेला कापलेला अर्धा, खाली तसाच अर्धा. तीन पट्टे. असे पट्टे काय आहेत, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. रोज सकाळी आरशात तेच बघत होते.

डोळ्याचीबी केली.

डोळा म्हणजे नळीचं तोंड नव्हे. नागम्मानं खण ओढून लाल काच बाहेर काढली होती आणि तिच्यावर बोटं ओढली होती, दर खंडेनवमीला. पूजा करायची तर बघणाऱ्याच्या कपाळाची करावी, नळकांड्याची काय करायची, असा तिचा सरळ हिशेब. मधलं बोट काचेच्या बरोबर मधून गेलं होतं, आणि गुंज मधोमध ठेवायचा तर अप्पांचाच नेम. शेजारचे चार तारे पट्ट्यांच्या मधल्या स्वच्छ जागेत. त्यांना काहीच झालं नाही. मंदावली ती एकटी गुंज.

अप्पा अंधारात बसून राहिले. आधी हसू आलं. मग एक विचार आला आणि हसू जागच्या जागी विरलं. नागम्मा गेल्यापासून काचेवर नवं भस्म चढलं नाही. जुनं वाळून झडत असेल तर? मग गुंज फिरलीच नाही. ठिपका वर चढतोय तो तिची बोटं काचेवरून पुसली जात आहेत म्हणून. ताऱ्याचा उजेड म्हणून दोन वर्षं जे बघत आलो, ते नागम्माचं झडणं होतं. त्यांना वाटलं, हे खरं निघालं तर पुन्हा स्लॅबवर जायचं नाही.

सकाळी त्यांनी पंचशीलाला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. "मॅडम, काचेला भस्म हाय. माझ्या बायकोनं लावलेलं. तुमच्या कामाचं न्हाई आता हे काई."

ती म्हणाली, "काका, काच पुसू नका. हातबी लावू नका. आन् दिवाळीच्या आधीचे, तुम्ही मोजत न्हाईत ते फोटोबी पाठवा. सगळे."

दसरा जवळ आला. बाजारात झेंडू उतरला. अप्पा गिऱ्हाइकाला बाहेर नेत, लिंबाकडे बोट करत आणि विचारायचं विसरून जात. एका दुपारी फोन वाजला.

"काका, बसलात का?" पंचशीलाच्या आवाजात हसू होतं. "तुमचा तारा दर खंडेनवमीला एक पायरी उतरून राहिला. आदल्या दिवशी वर, दुसऱ्या दिवशी खाली. येवढा धार्मिक तारा आभाळात दुसरा नसंल."

"मग गेलं म्हणायचं सगळं."

"ऐका तर. त्या सगळ्या पायऱ्यांची मी बेरीज केली. आन् आज तुमच्या फोटोत तो मधला पट्टा जेवढा दाट हाय, बरोबर तेवढीच ती भरली. काकूंनी लावलेलं तसंच्या तसं हाय, काका. कणभरबी झडलं न्हाई."

अप्पांनी काउंटर घट्ट धरला.

"म्हंजे चढ खरा हाय, ताऱ्याचाच. पण…" ती अडखळली. "तो काकू गेल्यावर सुरू झाला न्हाई. पायऱ्या काढून टाकल्या तर दिसतं, गुंज त्याच्या तीन वर्षं आधीच फिरलेली. ती दर वर्षाला जेवढी उजळली, तेवढंच काकूंनी वर भस्म लावलं. दोन्ही मिळून तुम्हाला ती जागची हलंना असं दिसलं."

फोन ठेवल्यावर अप्पा दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून आत बसले आणि रडले. मोठ्यानं, लहान पोरासारखे. तीन दिवाळ्या ती विचारत आली आणि तीन दिवाळ्या आपण न्हाई म्हणालो. गुंज फिरलेली होती, ती समोर बसलेली होती, शाल पांघरून. उजळ दिसते म्हणाली तर तिला येडी म्हणालो. ती गेल्यावर फिरलीस म्हणून ज्या ताऱ्यावर रुसलो, तो बिचारा वेळेवर फिरला होता.

खंडेनवमीला मंजुश्री लातूरहून आली. विळीची, पाटावरवंट्याची पूजा तिनं केली, नळीवर पट्टे ओढले, फूल ठेवलं. तिन्हीसांज झाली तेव्हा बापलेक स्लॅबवर होते. शिवारातून मळणी यंत्रांचा आवाज येत होता, धुरळ्यानं मावळतीला तांबूस रंग चढला होता.

"अप्पा, काच आता पुसून ठिवू का? मॅडमचं काम झालं की."

"नगं."

"मग मोजणार कसं?"

"मोजता येतंय. रोज तारा बघायच्या आधी कोऱ्या आभाळाचा फोटो काढायचा आन् तेवढं वजा करायचं."

"रोज?"

"रोज."

अप्पांनी दुर्बीण मोकळ्या आभाळाकडं केली आणि बटण दाबलं. पडद्यावर राखाडी उजेड आला आणि त्यात तीन पट्टे उमटले, सरळ, एकसारखे, कुणाच्या कपाळावर असावेत तसे. अप्पांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला, आणि पडद्याजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाले,

"हाव, नागम्मा. फिरली. तू इचारलं तवाच फिरलेली व्हती."